आचरणाचा रकाना

घरी बसून, पोस्टाने बायबलचा रीतसर अभ्यासक्रम करायचा तर काय काय लागतं, असं आमच्याकडे हल्ली बरेच जण विचारतात. वाचायचं, प्रश्न सोडवायचे, आठवड्यातून एकदा गटात बसायचं आणि पेपर पाठवून द्यायचा. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे तो उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावरचा, चार बोटं रुंद असा एक रकाना. त्यावर छापलेलं असतं ‘आचरण’. त्या रकान्यापायी आमचा अख्खा गट पावसाळाभर एका धड्यावर बसून होता. ज्या कार्यालयाने बसवलं त्याचं नाव मी घेणार नाही, पण राग अजून गेलेला नाही हेही लपवत नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र नगरच बसलंय. नगरात अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली, आणि 1842 साली तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं. त्यामुळे इकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये वाचनाची सवय पणजोबांपासूनची. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं आम्हाला पुस्तक न उघडता येतात. रविवारच्या शाळेत पाठ केलेली वचनं म्हातारपणीही अडखळत नाहीत. तेव्हा अभ्यासक्रमाला नाव घालताना सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आपल्याला यात नवं ते काय असणार.

पहिलं पुस्तक मार्कचं शुभवर्तमान. ईस्टर झाल्यावर सुरू केलं. सोळा अध्याय कधी संपले कळलंही नाही, पेपरही पास होऊन आले. (आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढणी असते. त्या दिवसांत कोणी गट सुरू करू नये, अर्धी माणसं शेतात असतात आणि उरलेली बसल्या जागी पेंगतात.)

दुसरं पुस्तक नव्या करारातलं याकोबाचं पत्र. अध्याय अवघे पाच, वचनं 108. पहिल्या बुधवारी कोणतीही चर्चा न करता ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावं, हे मी प्रत्येक गटाला सांगेन. वीसेक मिनिटं लागतात. तुकड्यातुकड्याने ऐकलेलं हे पत्र वेगळं आणि सलग ऐकलेलं वेगळं. सलग ऐकताना लक्षात येतं, की हा माणूस श्वास न घेता एकामागून एक कामं सांगतोय: ऐकणारे नुसते राहू नका, करणारे व्हा, अनाथ-विधवांची विचारपूस करा, जीभ आवरा, मजुरी अडवू नका.

मग दोन बैठका अब्राहामावर, म्हणजे इस्राएलाच्या मूळपुरुषावर गेल्या. प्रेषित पौल रोमकरांच्या पत्रात लिहितो, की अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला. याकोब म्हणतो, कृतींनी ठरला. मार्टिन लूथरला हे पत्र इतकं खटकलं होतं, की 1522 च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी त्याचा चांगला उलगडा केला. पौल बोट ठेवतो ते उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायावर, जिथे अब्राहाम नुसता विश्वास ठेवतो. याकोब बोट ठेवतो ते बाविसाव्यावर, जिथे तो देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचा, इसहाकाचा बळी द्यायला डोंगर चढतो. माणूस तोच, मध्ये कित्येक वर्षं गेलेली. हे सगळं उत्तरपत्रिकेत लिहिलं, त्याला पुरे गुण मिळाले. मोठी तात्त्विक अडचण अशी सुटली आणि गाडी अडली रकान्यात.

आम्ही तिथे लिहिलं होतं: ‘गरजूंना मदत करण्याचा निर्धार केला. जिभेवर ताबा ठेवण्याचा प्रयत्न सुरू आहे.’ असंच लिहितात सगळे. प्रार्थना सभेत साक्षही अशीच देतात. पेपर परत आला, त्यावर लाल शाईत तीन शब्द: ‘कोणी? केव्हा? किती?’

माझी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. कोणी, केव्हा, किती हेच मी आयुष्यभर हजेरीपुस्तकात भरत आलो. ते इथे देवाच्या वचनाखाली वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. रकान्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती तेव्हा नीट वाचली: ‘साक्षीदाराची सही व मंडळीचा शिक्का.’ मंडळी म्हणजे आमचं चर्च.

आता खरी पंचाईत. मदत केली नव्हती असं नव्हे. गटाने त्याच महिन्यात एका घरी दवाखान्याचं बिल भरलं होतं, पण ते गुपचूप. त्या घरच्या बाईंना कोणी भरलं हेसुद्धा सांगितलं नव्हतं. आता तेच नावानिशी, तारीखवार, रक्कम टाकून, साक्षीदार घेऊन लिहायचं? डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने स्पष्ट सांगितलंय, की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये. मत्तय सहावा अध्याय, तिसरं वचन. मी तसं पत्र लिहिलं, सभ्य भाषेत, आणि रकाना रिकामा ठेवून पेपर पुन्हा पाठवला.

उत्तर नाही. कार्यालयात फोन केला तर पेपर तपासणारे सर दौऱ्यावर. परत केला तर सर मीटिंगमध्ये. तिसऱ्या खेपेला फोनवरच्या मुलाने सरळ सांगितलं, “काका, रकाना रिकामा असला की पेपर पुढे सरकत नाही. काहीतरी भरा.” काहीतरी! हा शब्द मला लागला. काहीतरीच भरायचं असतं तर पहिल्यांदा भरलं होतं तेच ठेवलं असतं की.

पुष्कळ दिवसांनी पेपर परत आला. त्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली. ना सलाम, ना नाव, ना सही. चिठ्ठीवर फक्त ‘मत्तय 5:16’.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या, की त्यांनी तुमची चांगली कामं पाहावीत आणि स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. प्रवचन तेच, डोंगर तोच, माझ्या वचनाच्या फक्त एक अध्याय आधी. मी त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे ‘मत्तय 6:3’ लिहून ती परत पाठवणार होतो. बायकोने हातातून काढून घेतली.

त्या बुधवारी याकोब बाजूला राहिला. गटात उभे दोन तट पडले. मुख्याध्यापक म्हणत होते, दोन्ही वचनं एकमेकांच्या विरोधात नाहीत, कारण पाचव्या अध्यायात गौरव पित्याचं होतं आणि सहाव्यात प्रभू रागावतो ते माणसांची वाहवा मिळवणाऱ्यांवर. मला ते पटत होतं. पण माझा प्रश्न साधा होता: शिक्का मारलेल्या रकान्यात गौरव नेमकं कोणाचं होतं? पित्याचं, की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचं? एक तरुण मुलगा म्हणाला, बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले ते त्याच्या नावासकट प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं आहे. त्यावर दुसरा म्हणाला, पुढचाच अध्याय वाच, जमिनीच्या पैशांतला काही भाग लपवून खोटं बोलले आणि जागीच मेले, त्या हनन्या आणि सप्पीराचंही लिहिलेलं आहे. बराच वेळ हसण्यात गेला. ठरलं काहीच नाही.

आमच्या गटात भाजी विकणाऱ्या एक मावशी आहेत. चौथी शिकलेल्या, ओळीखाली बोट धरून वाचतात. गट करणाऱ्यांनी अशा एका माणसाला आग्रहाने बसवावं, कारण शिकलेले लोक वचनाला दुसरं वचन लावत राहतात. मावशी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “दवाखान्याचं नका लिहू, भाऊ. ते झाकलेलंच बरं. पण उधारी फेडली तर ती काय झाकून ठेवायची असते? त्या भिंतीवाल्यांचं बघा आधी.”

भिंतीवाले म्हणजे मंडळीच्या आवाराची पडलेली भिंत बांधणारे गवंडी आणि दोन मजूर. पावसाने उघडीप दिल्यावर काम सुरू झालं होतं. मंडळीच्या चेकवर दोन सह्या लागतात. खजिनदार लेकीकडे पुण्याला गेलेले. त्यामुळे मजुरी ‘पुढच्या आठवड्यात’ असं सांगून दोनदा झालं होतं. आणि आम्ही त्याच आवारात, त्या अर्धवट भिंतीच्या पलीकडे बसून, याकोबाचा पाचवा अध्याय सोडवत होतो: तुमची शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे.

मी जुन्या करारातलं लेवीय पुस्तक उघडलं, एकोणिसाव्या अध्यायाचं तेरावं वचन: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवायची नाही. मुख्याध्यापकांनी अनुवाद नावाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय काढला: सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला आहे. याकोबाने स्वतःचं नवं काही सांगितलेलं नाही, मोशेच्या नियमशास्त्रातलं जुनंच पुन्हा बजावलंय. हे आम्हाला कोणत्याही टिपणपुस्तकाशिवाय सापडलं. म्हणून तयार टिपणं गटात आणू नका, निदान पहिल्या महिन्यात तरी. मोबाइलवरचं बायबलही एकच भाषांतर ठरवून उघडा, नाहीतर बैठक कोणाच्या पडद्यावर काय आहे यातच संपते.

शुक्रवारी आमच्याकडे आठवडी बाजार. गुरुवारी दुपारी गटातल्यांनी आपापल्या खिशातून रोख जमवली, चेक निघाला की परत घ्यायची या बोलीवर. दिवस कलायच्या आत गवंड्याच्या हातात दिली. त्याने सिमेंटच्या हातांनी थुंकी न लावता दोनदा मोजली. एक पाचशेची नोट मधोमध टेप लावलेली होती, ती काढून माझ्या हातात परत दिली. “ही बाजारात चालत नाही, साहेब. दुसरी द्या.” दुसरी दिली. आभार वगैरे काही नाही, पैसे त्याचेच होते.

रकान्यात लिहिलं: मंडळीने गवंडी व दोन मजुरांची थकलेली मजुरी गुरुवारी सूर्यास्तापूर्वी दिली. रक्कम टाकली. साक्षीदार म्हणून गवंड्यानेच सही केली. नियमात ‘साक्षीदार मंडळीचा सभासद असावा’ असं कुठेही लिहिलेलं नाही, ते मी दोनदा तपासून घेतलं होतं. शिक्क्यासाठी मात्र पुन्हा खोळंबा, कारण आमच्या पाळकसाहेबांची बदली झालेली आणि नवे यायचे होते. कपाट सेक्रेटरींकडे, किल्ली भलत्याकडे. त्याचा राग वेगळा, त्यावर लिहीत नाही. एवढंच सांगतो, की पाळकांची बदली होण्याची लक्षणं दिसली तर सगळ्या कोऱ्या फॉर्मवर आधीच शिक्के मारून घ्या.

पेपर पास होऊन आला. आचरणाला दहापैकी सात. तीन कशाचे कापले, ते लिहिलेलं नाही. मी विचारलेलंही नाही. पुन्हा एखादी चिठ्ठी आली असती.

आठवेल तसं आणखी थोडं. पाठवण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा, आमचा एक पेपर त्यांच्याकडे सापडत नव्हता तेव्हा झेरॉक्सच कामी आली. गट आठ-दहा जणांपेक्षा मोठा नको, त्यापुढे संदेश देणारा एक आणि ऐकणारे बाकीचे असं होऊन बसतं. कॉटेज सभेचा, म्हणजे घरोघरच्या प्रार्थना सभेचा वार सोडून दुसरा घ्या. आचरणाचा रकाना शेवटी आहे म्हणून शेवटी वाचू नका. पुस्तक हातात आलं की आधी तोच काढून भिंतीवर लावा, आणि गुपचूप केलेलं त्यात घालूच नका. ज्या गोष्टी मंडळीने चारचौघांत करायला हव्यात आणि होत नाहीत, त्या शोधा. त्यांना साक्षीदार आपोआप मिळतो.

पंचकमिटीने आता मजुरीसाठी थोडी रोख वेगळी ठेवायचा ठराव केला आहे. त्यासाठी खजिनदारांशी किती वाद झाला ते इथे नको. त्याच दमात आम्ही याकोबाच्या दुसऱ्या अध्यायालाही हात घातला, सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला ‘तू इथे खाली बस’. आमच्या उपासनेत पुढच्या कव्हर घातलेल्या खुर्च्या ठरावीक मंडळींसाठी राखीव असायच्या, मजूर घरातली माणसं मागे सतरंजीवर. कव्हरं निघाली, जो आधी येईल तो पुढे बसेल असं ठरलं, आणि काही रविवार मावशी दुसऱ्या रांगेत बसल्याही. नाताळच्या उपासनेला आमदारसाहेब आले, तेव्हा पहिल्या रांगेतली मोठी खुर्ची कोणीतरी आतून काढून आणली, कव्हरासकट. कोणी आणली ते मला माहीत आहे. बुधवारी तो गटात येतो, तेव्हा विचारणार आहे.