आज सर्टिफिकेट हातात आलं!

व्हिजिओ (मायक्रोसॉफ्टचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) आणि त्याच्या प्रोग्रॅमिंगचा कोर्स सहा महिने ऑफिस सांभाळून केला, आज प्रॅक्टिकल झालं आणि संध्याकाळी निकालही लागला. पास!

बाण आणि चौकोन काढायला परीक्षा कशाला, असं घरी बऱ्याचदा ऐकलं. पण व्हिजिओतल्या प्रत्येक आकृतीमागे एक अख्खी शेपशीट, म्हणजे तिच्या माहितीचा तक्ता असतो. रुंदी, उंची, जागा, रंग, सगळं एकेका सेलमध्ये, आणि त्या सेलमध्ये फॉर्म्युला लिहिता येतो. उंची म्हणजे रुंदीच्या निम्मी असं लिहिलं, तरी कुणी माउसने आकृती ओढली की फॉर्म्युला पुसला जाऊन नुसता आकडा उरतो. तोच फॉर्म्युला गार्ड नावाच्या फंक्शनमध्ये गुंडाळला की मग कितीही ओढा, पुसला जात नाही. हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी मुलीला उठवून दाखवलं होतं.

आज प्रॅक्टिकलमध्ये पानावरच्या सगळ्या व्हॉल्व्हच्या आकृत्यांचे नंबर मॅक्रोने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, यादीत आणायचे होते. माझे चारच येत होते, पानावर दिसत होते नऊ. घाम फुटला. मग लक्षात आलं, उरलेले पाच ग्रुपमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या आकृत्यांमध्ये आहेत! पानाच्या यादीत ग्रुप एकच आकृती म्हणून येतो, आतल्या आकृत्यांसाठी त्याच्या आत शिरावं लागतं. तेवढा कोड बदलला आणि नऊच्या नऊ आले.

सर, रविवारचे जादा तास घेतलेत, मनापासून आभार. आई, तू सकाळचे डबे केलेस म्हणून हे झालं. उद्या पेढे घेऊन येतेय.