रितं म्हणजे किती?

भारताचा पंतप्रधान व्हायला वयाची किमान २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, याची आठवण मला नऊ वर्षांच्या मुलाने करून दिली. मी त्याला 'मी पंतप्रधान झालो तर' हा निबंध लिहायला बसवलं होतं. त्याने समास आखला, तारीख घातली, विषय घोटीव अक्षरात लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"टीचर, मी आत्ताचा नऊ वर्षांचा धरून लिहू की २५चा? नऊचा असेन तर मला करणारच नाहीत. आणि २५चा असेन तर तेव्हा माझ्या मनात काय असेल ते आज कसं कळणार?"

यात चावटपणा अजिबात नव्हता. उत्तर मिळालं असतं तर त्याने खरंच लिहायला घेतलं असतं. मला उत्तर सुचलं नाही आणि त्या दिवशीचं लेखन समास आखण्यावरच थांबलं.

मी गोव्यात, फोंडा तालुक्यात घरोघरी जाऊन शिकवते. त्याआधी अठरा वर्षं मराठी प्राथमिक शाळेत होते. सध्या माझ्याकडे चार घरं आहेत, त्यातलं एक सावईवेऱ्याच्या बाजूला, कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागायतीत. माडा-पोफळींच्या सावलीत, मिरवेलींच्या मधून पायवाट जाते आणि पावसाळ्यात ती माझ्यापेक्षा जळवांच्या जास्त उपयोगाची असते. पोराला घरात सगळे बाबू म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. दुसरीपर्यंत तो शाळेत गेला. तिथे 'माझा आवडता प्राणी'ला कोरा कागद देऊन आला, कारण गाय आणि मांजर यांच्यातलं कोण जास्त आवडतं हे ठरलं नव्हतं. प्रगतिपुस्तकात 'हट्टी' असा शेरा आला. मग रोज सकाळी पोटात दुखू लागलं. शेवटी आईवडिलांनी त्याला घरीच शिकवायचं ठरवलं.

यावर वाड्यावर बरीच कुजबुज झाली. मुलाला शाळेत नाही घातलं तर पोलीस येतात, असं एका मावशींनी मलाच दरडावून सांगितलं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, सहा ते चौदा वयासाठी. मूल शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय, पण घरी शिकवणाऱ्या आईबापाला शिक्षा सांगितलेली नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आहेत: ए, बी, सी पातळ्या म्हणजे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या, आणि चौदा पूर्ण झाल्यावर दहावी. बाबूने हे सगळं पाठ केलं होतं. चौदा वर्षं पूर्ण होण्याचा स्वतःचा वारसुद्धा त्याने काढून ठेवला होता.

गणितात मला त्याची चिंता नव्हती. म्हणजे, अपूर्णांक येईपर्यंत नव्हती. भाकरीचे दोन समान भाग कर म्हटलं, तर स्वयंपाकघरातून वजनकाटा आला. एक भाग चार ग्रॅमने जास्त भरला. त्याने कड कुरतडली, मग दुसरा भाग जास्त झाला. असं करत करत भाकरीचा बराचसा भाग पोटात गेला आणि 'समान' काही झालं नाही. मी हसले. तो रडला. हसायला नको होतं.

खरी गाठ लेखनाशी होती. 'माझे घर'वर त्याने एकच ओळ लिहिली: 'घर आजोबांच्या नावावर आहे.' 'तुला आवडेल ते चित्र काढ' म्हटलं की खोडरबर हातात आधी आणि पेन्सिल नंतर. एक रेघ काढायची, खोडायची, पुन्हा तीच, पुन्हा खोडायची, कागदाला भोक पडेपर्यंत. भोक पडलं की वही बंद, दिवस बंद.

डी.एड.ला आम्हाला मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड होता. अभिसारी विचार म्हणजे एका उत्तराकडे जाणारा, अपसारी म्हणजे अनेक वाटांनी फुटणारा. पेपरात मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. पण अपसारी प्रश्न एखाद्या मुलाला विहिरीत वाकून पाहिल्यासारखा वाटत असेल, हे त्या नोट्समध्ये नव्हतं. 'काहीही लिही' म्हणजे आपल्याला सूट वाटते. बाबूला त्यात कुठलंही वाक्य चुकीचं ठरू शकतं एवढंच दिसत होतं, आणि काम संपलं कधी म्हणायचं तेही कळत नव्हतं.

सुरुवातीला मी जे केलं ते सांगायला हवं, कारण ते वाईट होतं. एका सकाळी मी खोडरबर काढून घेतला. कुणाकडून तरी ऐकलं होतं, की खोडायचं साधनच नसलं की मूल मोकळं होतं. बाबू मोकळा झाला नाही. त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला आणि टेबलाखाली जाऊन बसला, तासभर. मी वर बसून 'चुकलं तर चालतं रे' असं म्हणत राहिले. अठरा वर्षं लाल पेनने चुका गोल केलेल्या बाईने हे म्हणणं त्याला कितपत खरं वाटावं! त्याचे आजोबा दारात आले, पाहिलं, काही बोलले नाहीत. माझ्यासमोर चहा ठेवला, खोडरबर उचलून टेबलाखाली सरकवला आणि बागायतीत गेले.

त्यानंतर मी जरा शहाणी झाले. मुद्दाम चुका पेरलेला उतारा मी लिहायचा आणि त्याने तपासायचा. हे त्याला इतकं आवडलं की लाल पेन त्याच्याकडेच गेलं. 'पंप कसा सुरू करावा' हे त्याने अकरा पायऱ्यांत लिहिलं, आणि त्यातली सातवी पायरी 'हात ओले नसल्याची खात्री करा' ही मलाही ठाऊक नव्हती. पण पायऱ्या, याद्या, सूचना यांच्यापलीकडे गाडी जाईना. आई संध्याकाळी पणजीहून दमून आली की विचारायची, "टीचर, आज काही लिहिलं?" आणि मी पंपाचा कागद दाखवायचे.

मग चवथ आली.

गणपतीच्या आदल्या दिवशी खरं तर मला सुट्टी. पण त्याच्या आईचा फोन आला: पोर सकाळपासून माटोळीखाली उभं राहून रडतंय, आजोबांना बांधू देत नाही, तुम्ही जरा येता का? मी फोंड्याच्या बाजारातच होते. तिथे त्या दिवशी रानातले जिन्नस विकायला बसलेल्या बायकांमधून पाय ठेवायला जागा नसते. एक कवंडळाचा घोस घेतला आणि स्कूटर काढली.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला त्या मोसमातली फळं, भाज्या, रानफुलं, कंद बांधतात. ती माटोळी. नारळ, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तोरिंग, निरफणस, आंबाडे, फागलं, घागऱ्या आणि लालभडक कवंडळं. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, त्यात शेकडो जिन्नस बांधणारी घरं असतात. या घरात स्पर्धेचं वेड नाही. आजोबा आपले दरवर्षी केवणीच्या सालीचे दोर घेऊन बसतात आणि हाताला येईल ते बांधत जातात.

हाताला येईल ते! तिथेच घोडं अडलं होतं. यंदा बाबूने सगळ्या जिनसांची यादी केली होती: ३१. चौकट मोजली होती: सहा फूट बाय चार फूट, आडव्या-उभ्या पट्ट्यांनी पडलेले २४ चौकोन. एका चौकोनात एक जिन्नस धरला तर सात उरत होते. दोन-दोन बांधावे तर १७ कमी पडत होते. आजोबांनी मधेच एका चौकोनात तीन नारळ बांधले आणि शेजारचा मोकळा ठेवला, तेव्हा त्याचा बांध फुटला.

मी गेले तेव्हा मीही शिक्षिकेसारखंच वागले. म्हटलं, "आपण नियम करू या का? मोठे जिन्नस कडेला, लहान मधे." त्याने विचार केला. "मोठा म्हणजे वजनाने की आकाराने?" केळीचा घड एकीकडे आणि निरफणस दुसरीकडे. मी गप्प बसले.

आजोबा स्टुलावर उभे होते. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, पण स्टुलावर माझ्यापेक्षा स्थिर. ते वरूनच म्हणाले, "रितें दिसता थंय बांद."

जिथे रिकामं दिसतं तिथे बांध. झालं! मनात म्हटलं, याहून मोकळी सूचना जगात नसेल, आता पुन्हा रडारड.

बाबूने अपेक्षेप्रमाणे विचारलं, "रितें म्हळ्यार कितलें?"

आजोबांनी खाली पाहिलं. प्रश्न त्यांना मुळीच विचित्र वाटला नाही. त्यांनी बोटाने जमीन दाखवली. "न्हिदून पळय. जंय नळो दिसता, थंय रितें."

झोपून बघ, जिथे नळा दिसतो तिथे रितं. ते घर जुनं, वर मंगळुरी कौलं, आजोबांच्या बोलीत नळे. मधे दुसरं छत नाही. बाबू माटोळीखाली उताणा झोपला. चौकटीतून वर पाहिलं तर बांधलेल्या जिनसांच्या मधून कौलं दिसत होती, कुठे अर्धं, कुठे दोन. पाच मिनिटं तो तसाच पडून होता. मग म्हणाला, "दाराच्या बाजूला तीन नळे."

आजोबांनी तिथे शिपटं बांधलं.

"आता एक. आणि देवाच्या बाजूला दोन आणि थोडा."

पुढचा दीड तास घरात हेच चाललं. हा खाली पडून नळे मोजतोय, आजोबा वर बांधतायत, मी दोर आणि जिन्नस पुरवतेय. चौकोनांचं नावही कुणी काढलं नाही. मग जागा बदलल्या: बाबू स्टुलावर, मी जमिनीवर. माझ्या पाठीला ते फारसं रुचलं नाही, पण खालून माटोळी अशी दिसते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. घागऱ्यांच्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. आजोबा जे नजरेने करत होते, त्याला त्यांनी नातवासाठी एक कसोटी शोधून दिली होती. तीही अशी, की नळा झाकायला नारळ चालतो, कवंडळ चालतं, काहीही चालतं. काय बांधायचं ते बाबूने ठरवायचं, फक्त झाकलं गेलं की नाही ते तपासता यायला हवं. मी दीड वर्षं हेच शोधत होते आणि माझ्याकडे पदविका होती.

शेवटी त्याने चिबूड बांधलं, एकट्याने. गाठ सैल राहिली असावी, किंवा चिबूड फार पिकलेलं असावं. घागऱ्या बांधायला तो वळला आणि ते धप्पकन खाली आलं, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. बिया आणि गर भिंतीपर्यंत.

कुणी हललं नाही. स्वयंपाकघरातून त्याची आई आली आणि दारातच थांबली. आम्हा सगळ्यांना तो टेबलाखालचा तास आठवत होता.

आजोबा वाकले, मोठा तुकडा उचलून हुंगला. "चिबूड तें, फुटतलेंच," म्हणाले आणि सुनेकडे पाहून गूळ मागितला.

बाबू स्टुलावरून उतरला. ओठ थरथरत होते. तो सरळ यादीकडे गेला, १९व्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हे आता मोजायचं का?"

"तुला काय वाटतं?" हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "माटोळीत नसलेलं मोजायचं नाही. पण यादीतून काढलं तर ते होतं हे कुणाला कळणार नाही."

तो बराच वेळ उभा राहिला. यादी पेनने केलेली होती, खोडरबराचा प्रश्न नव्हता. काट मारायची म्हणजे पान खराब. मग त्याने पट्टी आणली, उजवीकडे एक उभी रेघ ओढली, वर लिहिलं 'शेरा', आणि १९व्या ओळीसमोर: 'पडलं. टीचरला लागलं नाही. खाल्लं.'

आम्ही ते गूळ-खोबऱ्याबरोबर खरंच खाल्लं, भिंतीवरचं सोडून. खाता खाता तो पुन्हा यादीकडे गेला. कवंडळासमोर लिहिलं: 'टीचरने आणलं. खात नाहीत. आत काळं असतं.' निरफणसासमोर: 'आजोबांनी दोनदा बांधला कारण पहिल्यांदा आईच्या डोक्याला लागत होता.' मी सांगितलं नव्हतं. मी मुद्दाम बाहेर जाऊन जळवा काढत बसले, म्हणजे मी पाहतेय असं वाटायला नको.

निघताना पाहिलं तर ३१पैकी १४ ओळींचा शेरा कोरा होता. विचारलं, "हे कधी लिहिणार?"

"त्यांचं काही झालं की."

रात्री त्याच्या आईचा फोन. दहा मिनिटं ती फक्त शेरे वाचून दाखवत होती.

चवथ झाली, माटोळी उतरली, आणि मी उत्साहाने पुढच्या सोमवारी नवा कागद ठेवला. विषय: 'पाऊस'. मला वाटलं, आता वाट मोकळी झाली. बाहेर कोसळत होताच. सुपारीच्या झावळ्यांवरून पाणी धारेने उतरत होतं. बाबूने खिडकीतून पाहिलं, कागदाकडे पाहिलं, समास आखला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"टीचर, हातूंत नळो खंय?"

यात नळा कुठे? मी विचार केला. थेंब मोजायचे? आवाज लिहायचे? पागोळ्या? एकही धड जमेना, आणि त्याला अर्धवट सुचवलेलं चालत नाही हे आता मला माहीत आहे. "नाही सापडला," म्हटलं. त्याने मान डोलावली आणि कागद नीट घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला.