सायबिणीचा चेहरा

दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या एका कपेलातली, म्हणजे छोट्या चर्चमधली, दुःखी सायबीण, म्हणजे मारियेची जुनी लाकडी मूर्ती, आमच्याकडे दुरुस्तीला आली ती गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर. १५ सप्टेंबरच्या फेस्ताला, तिच्या सणाला, ती आल्तारावर, म्हणजे वेदीवर, परत हवी होती. पावसाळ्यात गोव्यात हे काम कुणी खुशीनं घेत नाही. हवेत इतकं पाणी असतं की सरस लवकर वाळत नाही आणि लाकूड फुगून बसतं. एसीच्या खोलीत ते घाईनं कोरडं करायला गेलं, तर रंगाच्या खपल्या लाकडापासून सुटतात. कपेलाच्या समितीला हे सगळं समजावून सांगितलं. मागच्या खेपेला पेंटरानं दोन दिवसांत काम करून दिलं होतं, असं उत्तर मिळालं.

गोव्यातल्या जुन्या लाकडी मूर्तींचं वाळवीनं केलं नसेल इतकं नुकसान ऑइल पेंटनं केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. फेस्त जवळ आलं आणि गल्फातून किंवा लंडनहून कुणी पैसे पाठवले, की सांताला, संताच्या मूर्तीला, चकचकीत करायचं सगळ्यांच्या मनात येतं. कपेलाच्या दारा-खिडक्यांसाठी आणलेला डबाच उघडतात. झगा निळा, तोंड गुलाबी, ओठ लाल, आणि बैठकीवर पैसे देणाऱ्याचं नाव. या मूर्तीवर रंगाचे असे तीन हात चढलेले होते.

मी रंगीत लाकडी मूर्तींच्या जतनाचं काम करते. माहेर डिचोलीचं, मेस्तांचं, म्हणजे सुतारांचं घर. आजोबा देवळांची मखरं आणि पालख्या कोरायचे. रंग काढायची पहिली खिडकी मी नेहमी झग्याच्या मागच्या काठाला उघडते, नखाएवढी, जिथं कुणाची नजर जात नाही. द्रावणाचं जेल लावायचं, थांबायचं, कापसाचा बोळा फिरवायचा, मग भिंगाखाली स्काल्पेलनं मऊ पडलेला रंग उचलायचा. वरचा निळा गेला, त्याखाली दुसरा मळकट निळा, त्याखाली मेणबत्त्यांच्या धुराचा काळा थर, आणि सगळ्यांत खाली सोनं निघालं. जुन्या कारागिरांची रीत अशी होती: लाकडावर खडू आणि सरसाचा पांढरा लेप, त्यावर तांबडी माती, तिच्यावर सोन्याचा वर्ख, आणि तो अकीकाच्या दगडानं घोटून काढायचा. मग त्या सोन्यावर रंग चढवायचा आणि तो पुरता कडक होण्याआधी लाकडी टोकानं खरवडून खालच्या सोन्याची नक्षी मोकळी करायची. इथं झग्याच्या काठानं कमळांची वेल निघाली. आजोबा मखराच्या खांबांवर घालायचे त्याच वळणाची.

१५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनं ख्रिस्ती चित्रं आणि मूर्ती हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली, म्हणजे काम त्यांच्याकडे जात होतं, आणि मनाईनंतरही जात राहिलं. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथल्या मूर्तींसमोर थोडा वेळ उभं राहिलं तरी इथला हात ओळखू येतो. नाव मात्र कुणाचंच लिहून ठेवलेलं नाही. आमच्या मूर्तीवरही नव्हतं.

तिचा उजवा हात छातीवर होता. डावा मनगटापासून तुटलेला, आणि त्या जागी कुणीतरी प्लास्टरचा हात लोखंडी खिळ्यानं ठोकलेला. खिळा गंजून फुगला आणि मनगट उभं चिरलं. नवा हात कोरण्यासाठी मी एका पोराला बोलावलं. सरकारी टेंडरं घेणारे मोठे ठेकेदार हल्ली असं कोरीवकाम मशीनवर काढून आणतात. हातात पटाशी धरून सांत कोरणारी, तिशीच्या आतली माणसं मला फार माहीत नाहीत. हा त्यांतला एक.

तो सासष्टीतलाच. पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत काही वर्षं काढून बाहेर पडलेला. अशा मुलाकडे गाव कसं बघतं ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. देवानं बोलावलं आणि हा अर्ध्यातून उठून आला, असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्याच्या आईनं मिसला, इगर्जीतल्या प्रार्थनेला, पुढच्या बाकावर बसणं सोडलं. तो स्वतः मात्र म्हणतो की त्यानं देवाचं पाचारण सोडलेलंच नाही. बायबलातल्या निर्गमाचा एकतिसावा अध्याय त्याला पाठ आहे. परमेश्वर मोशेला सांगतो की मी बसालेलाला नाव घेऊन बोलावलं आहे, माझ्या आत्म्यानं त्याला भरलं आहे, सोन्या-रुप्याचं काम करायला, रत्नं बसवायला, लाकूड कोरायला. "लाकूड कोरायला, असं सरळ लिहिलंय, बाय," तो मला म्हणाला होता. आम्ही कोंकणीत बोलतो. इथं मराठीत लिहिते आहे.

पटाश्या ओळीनं मांडायच्या, खुरसाची खूण करायची आणि मग लाकडाला हात लावायचा, हा त्याचा नेम. जुन्या घराच्या वाशाचं सागवान त्यानं आणलं, कारण मूळ मूर्तीही सागवानाची होती. लाकडाची शीर बोटांच्या लांबीनं जाईल असा तुकडा बेतला. शीर आडवी गेली तर बोट पहिल्या धक्क्याला मोडतं. मग उजव्या हाताकडे बघत बसला. त्या हाताच्या बोटांना पेरं नव्हती. मुळापासून टोकापर्यंत निमुळती, गुळगुळीत बोटं, आणि नखाच्या जागी पटाशीचा एकच हलका टोचा. हाडं-शिरा दाखवणारा हात त्याला कोरता येतो, मी पाहिला आहे. इथं त्यानं तो मोह धरला नाही. डावा हात उजव्याच्या जोडीचा केला, आणि जवळून बघणाऱ्याला नवा-जुना फरक कळावा म्हणून नखं कोरलीच नाहीत. लाकडी खुंटी आणि पाण्यानं सुटणारा सरस वापरून बसवला. उद्या कुणाला तो काढावासा वाटला तर मनगटाला ओरखडा न येता निघेल.

हातावर कुणाचा आक्षेप नव्हता. वाद चेहऱ्यावरून झाला.

गुलाबी रंगाखालून गव्हाळ चेहरा निघाला. डाव्या गालावर डिंकाचा एक थेंब होता, बोटाला जाणवणारा. तीन थरांच्या खाली तो बुजून गेला होता. आणि डोळे खाली झुकलेले होते. लाकडात पापण्या जवळजवळ मिटत आलेल्या कोरल्या होत्या, आणि आधीच्या कुणी पेंटरानं त्या पापण्यांवरच उघडे, काळेभोर डोळे काढले होते. कपेलात आज येणाऱ्या प्रत्येक माणसानं जन्मभर पाहिले ते हे रंगवलेले डोळे.

फेस्ताच्या आधी पाहणीला विगार, म्हणजे तिथले मुख्य पाद्री आले, समितीचे लोक आले, आणि सायबिणीला कपडे चढवणाऱ्या कॉन्फ्रारीच्या, भाविकांच्या मंडळाच्या, तीन म्हाताऱ्या आल्या. झग्याच्या सोन्यावर सगळे खूश. मग चेहऱ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, "ही आमची सायबीण न्हय." सगळ्यांत थोरल्या बाईचा नवरा तारवटी होता, तो बोटीवर असायचा तेव्हा रोज संध्याकाळी त्या डोळ्यांकडे बघून ती त्याच्यासाठी मागणं मागायची. ती इतकंच म्हणाली, "ती आमकां पळयना." ती आमच्याकडे बघत नाही.

डोळे परत काढून द्या, असं समितीचं म्हणणं. विगारांनी मला विचारलं, होण्याजोगं आहे का? मी हो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. मूळ रंगावर आधी व्हार्निशचा संरक्षक थर द्यायचा आणि त्यावर कधीही पुसता येतील अशा रंगांनी डोळे काढायचे, ही आमच्या कामातली मान्य पद्धत आहे. पूजेतली मूर्ती संग्रहालयातल्या वस्तूच्या नियमांनी चालत नाही. तिच्यासमोर गुडघे टेकणाऱ्यांचा तिच्यावर हक्क आहे, हे मी देवळांच्या कामात शिकले आणि इगर्जीच्या कामातही तेच धरून चालते. चेहऱ्याचं बारीक रंगकाम आमच्यात त्याच्याइतकं कुणाला येत नाही, म्हणून सगळ्यांनी त्या पोराकडे बघितलं.

त्यानं नाही म्हटलं. आवाज न चढवता कारण सांगितलं. तुमच्या कपेलात आल्ताराच्या खालच्या अंगाला काचेच्या पेटीत मेलेला जेजू, येशू, निजवलेला आहे. ही त्याच्याकडे बघते आहे. ज्यानं कोरली त्यानं ती त्या जागेसाठी कोरली. तिची नजर वर उचलली तर ती कुणाची आई आहे तेच कळणार नाही.

एवढी वर्षं मी आल्तारं बघते आहे, आणि हे मला दिसलं नव्हतं. विगार काही बोलले नाहीत. थोरली बाई मात्र बोलली: "पुताक ती सदांच पळयता. आमकां केन्ना पळयतली?" मुलाकडे ती नेहमीच बघते, आमच्याकडे कधी बघणार?

याला उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. शेवटी विगारांनी ठरवलं की फेस्त असंच होऊ द्यायचं. सायबीण तशीच आल्तारावर चढली. म्हाताऱ्यांनी तिला काळ्या मखमलीची ओढणी घातली आणि कपाळावर जरा जास्तच पुढे ओढली.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये त्यानं आंजेलो द फोंसेकांचा विषय काढला. १९०२ साली सांतइस्तेव बेटावर जन्मलेला हा चित्रकार. आधी मुंबईत, मग शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि गोव्यात परतून साडीतली मारिया रंगवू लागला. त्यावरून गोव्यात इतका विरोध झाला की तो पुण्याला गेला आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिला. १९६७ साली वारला. आता ती चित्रं पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये मानानं ठेवली आहेत. "त्यालाही हेच म्हटलं होतं, ही आमची सायबीण न्हय," तो म्हणाला. मी म्हटलं, फोंसेकांना बोलणारे अधिकारी होते, धर्मातले आणि राज्यातले. तुला बोलली ती नवऱ्याची वाट बघणारी बाई. तो गप्प झाला. पटलं म्हणून की माझा राग आला म्हणून, ते मी विचारलं नाही.

पैशांचंही सांगून टाकते. फेस्ताच्या खर्चात बँड, रोषणाई, दारूकाम, जेवणं, सगळ्याला रकमा होत्या. हाताच्या कोरीवकामाचे पैसे मागितले तेव्हा देवाचं काम आहे, समजून घे, असं त्याला सांगण्यात आलं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ साली कलाकारांना पत्र लिहिलं आणि चर्चला कलेची गरज आहे असं त्यात स्वच्छ म्हटलं. ती गरज रोमहून आमच्या कपेलांच्या जमाखर्चाच्या वहीपर्यंत पोचलेली नाही. पाद्री होणाऱ्या मुलाला गाव डोक्यावर घेतं. सांत कोरणाऱ्या मुलाला दिल्लीवाल्यांच्या आसगावातल्या बंगल्यांचे दरवाजे कोरून पोट भरावं लागतं. तो सध्या तेच करतो.

या उन्हाळ्यात विगारांची बदली झाली. बदल्या होतातच, त्यात कुणाचा दोष नाही. पण मूर्तीचा अहवाल, फोटो, चेहरा का रंगवला नाही त्याची नोंद, सगळं कुठल्यातरी कपाटात राहिलं, आणि नव्या माणसाला कुणी ते उघडूनही दाखवलं नाही. परदेशातून कुणाचे तरी पैसे आले. मला कळलं आणि बघायला गेले तोवर चेहरा पुन्हा गुलाबी झाला होता आणि पापण्यांवर उघडे डोळे होते. ऑइल पेंटचे. मध्ये संरक्षक थर नाही, काही नाही. थेट त्या जुन्या गव्हाळ रंगावर. नवा हात तेवढा तसाच होता, त्याला कुणी ब्रश लावला नव्हता.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशी त्यानं पुसता येणारे डोळे काढले असते, तर आज हे पक्के डोळे बसले नसते. मूर्ती वाचवण्याचा माझा मार्ग व्यवहाराचा होता आणि तो चालला असता. पण त्या मार्गानं गेलो असतो तर ती कुणाकडे बघते आहे हे कुणी मोठ्यानं बोललंच नसतं, आणि एक वर्षभर तरी ती आपल्या मुलाकडे बघत राहिली नसती. मी हे त्याला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "रंगवलं त्याच्यावर माझा राग नाही, बाय. पण तो माझा हात नव्हता, एवढंच."

थोरली बाई कपेलात भेटली. डोळे परत काढा असं तिनं सांगितलं नव्हतं म्हणे. तिला कुणी विचारलंही नव्हतं. आता बघते ना सायबीण, असं मी म्हटलं. तिनं गालाकडे बोट केलं, जिथं तो डिंकाचा थेंब होता. "पळयता. पूण रडना."

नव्या विगारांना भेटून आले. माणूस ऐकून घेणारा वाटला. ताजा पेंट जितक्या लवकर निघेल तितकं बरं, पुरता कडक झाला की खालचा रंग धोक्यात येतो, हे त्यांना पटलं. पाऊस संपला की मूर्ती परत आमच्याकडे येईल. खर्चाचा कागद दिला त्यात कोरणाऱ्याची मजुरी आणि मागची बाकी वेगळ्या ओळीत लिहिली आहे. त्याला विचारलं, साफ करायला येशील ना? येतो म्हणाला. डोळ्यांचं काय करायचं, ते मात्र आमच्या दोघांत अजून ठरलेलं नाही, आणि या खेपेला त्या बाईला आधी विचारायचं असं मी ठरवलं आहे.