काकांची शुगर माझ्या पिशवीत

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘व्हिसा असिस्टन्स’ असं छापलंय. प्रत्यक्षात मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीच्या जी ब्लॉकमध्ये, अमेरिकेचा व्हिसा देणाऱ्या कॉन्सुलेटबाहेर सकाळी सकाळी लोकांचे फोन सांभाळत उभं राहणं हा त्या कामाचा मोठा भाग. ऑफिस दादरला, छोटंसंच. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील हे आमचं मुख्य गिऱ्हाईक. त्यांचा फॉर्म भरायचा, फी भरायची, तारीख घ्यायची, फोटो आणि बोटांचे ठसे द्यायला एकदा न्यायचं, मुलाखतीला एकदा न्यायचं, आणि ते आत गेले की त्यांचं सगळं चंबूगबाळं घेऊन बाहेर थांबायचं.

अमेरिकन कॉन्सुलेटचा नियम साधा आहे आणि वेबसाइटवर छापलेला आहे. बॅटरीवर चालणारी किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू आत न्यायची नाही. त्या यादीत मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा आहेतच, शिवाय पेजर, फ्लॉपी आणि कॅसेटही आहेत. हे वाचून दाखवलं की काका लोक खूश होतात. यादीच्या शेवटी असंही म्हटलंय की ही यादी पूर्ण नाही, सुरक्षारक्षक आणखी कशालाही नाही म्हणू शकतात. हे शेवटचं वाक्य कुणी वाचत नाही.

मोबाइल लोक मुकाट काढून देतात. अडकतात ते भलत्याच गोष्टींवर. मुलाने पाठवलेलं स्मार्टवॉच ‘अहो, हे घड्याळच आहे’ म्हणून हातात तसंच असतं. गाडीची रिमोटवाली किल्ली खिशात. किल्ल्यांच्या जुडग्याला पेनड्राइव्ह. कागद ठेवायला मुद्दाम आणलेली चेनची फाइल, तीही चालत नाही. साधी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चालते. कापडी पिशवी नाही, खाण्याचे पदार्थ नाहीत, बंद पाकीट नाही, लायटर नाही. आणि हे सगळं ठेवायला आत जागा नाही, तुमची सोय तुम्ही बघा, हेही तिथेच लिहिलंय.

त्यामुळे बाहेर एक वेगळाच धंदा उभा राहिला. २०२५च्या जूनमध्ये इथल्या एका रिक्षावाल्याची पोस्ट सगळीकडे फिरली होती ती आठवत असेल. रिक्षा न चालवता फक्त बॅगा सांभाळून महिन्याला पाच ते आठ लाख कमावतो म्हणे, बॅगेमागे हजार रुपये. पुण्या-मुंबईच्या यच्चयावत व्हॉट्सॲप ग्रुपवर ती पोस्ट ‘याला म्हणतात बिझनेस’ म्हणून आली. मग पोलिसांनी रिक्षावाल्यांना बोलावून घेतलं, कारण रिक्षाचा परवाना प्रवासी न्यायचा असतो, लोकांचं सामान सांभाळायचा नाही. त्या हिशेबावर माझा काही विश्वास नाही. पण दहा मिनिटांवर मुलाखत आलेला माणूस हातात लॅपटॉपची बॅग घेऊन कसा सैरावैरा धावतो ते मी पाहिलंय. त्या वेळी कुणी दोन हजार मागितले तरी तो देईल. अपॉइंटमेंटचं पत्र दाखवून सामान ठेवता येईल असे अधिकृत लॉकर या भागात कुणीतरी, अगदी महापालिकेनेसुद्धा, चालवायला काय हरकत आहे, असं मला नेहमी वाटतं.

पूर्वी, म्हणजे २०११पर्यंत, हे सगळं ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होतं. तेव्हा मी या कामात नव्हते. पण त्या काळच्या माणसाच्या खिशातून फोन काढून घेतला तर फार तर त्याचं बोलणं बंद व्हायचं. आता काय काय बंद होतं ते मला कराडच्या काकांनी दाखवलं.

काका एक्याऐंशी वर्षांचे, सहकारी बँकेतून निवृत्त. काकू पाच वर्षांनी लहान. मुलगा न्यू जर्सीत. दोघांचा दहा वर्षांचा व्हिसा होता, तो २०२४मध्ये संपला. आधी एकोणऐंशीच्या वरच्या माणसांना मुलाखतीची सहसा माफी असे, कागद जमा केले की झालं. २ सप्टेंबर २०२५पासून ती माफी गेली, चौदाच्या आतल्या मुलांचीही गेली. तेव्हापासून आमच्याकडे काठ्या आणि बाबागाड्या दोन्ही वाढल्या.

काका इन्सुलिनवर. फॉर्म भरायला आले तेव्हाच त्यांनी शर्टाची बाही वर करून दाखवलं होतं. दंडाच्या मागच्या बाजूला मोठ्या नाण्याएवढं पांढरं गोल चिकटवलेलं होतं. शुगरचा सेन्सर. त्याची बारीक तार कातडीखाली जाते आणि दर थोड्या वेळाने शुगर मोजून ब्लूटूथने फोनला कळवते. फोनवर आकडा दिसतो आणि शेजारी बाण. बाण आडवा असेल तर ठीक, खाली वळला तर शुगर उतरतेय. शुगर सत्तरच्या खाली गेली की फोन बोंबलतो. तोच आकडा मुलाला न्यू जर्सीत त्याच्या फोनवर दिसतो.

“रात्री-अपरात्री फोन करतो, बाबा साखर खा म्हणून,” काकू म्हणाल्या. “मी शेजारी झोपलेली असते, मला पत्ता नसतो, आणि ह्याला तिकडं कळतं.”

सेन्सर म्हणजे बॅटरीची वस्तू, आणि तो काढला की फुकट गेला, परत लावता येत नाही. म्हणून आम्ही कॉन्सुलेटला आधी ईमेल केला होता आणि डॉक्टरांचं लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घेतलं होतं: काय लावलंय, कुठे लावलंय, का लावलंय, सोबत ग्लुकोजच्या गोळ्या का लागतात. डॉक्टर म्हणाले, एवढंसं तर आहे, त्याला पत्र कशाला? मी म्हटलं, द्या हो, एक कागद जास्त असला तर कुणाचं बिघडत नाही.

मुलाखतीच्या दिवशी दोघं पहाटेच उठलेले. ठाण्याला भाचीकडे उतरले होते. साडेसहाला इन्सुलिन घेऊन उपमा खाल्ला आणि निघाले. काकांचं सकाळचं इन्सुलिन असं की साडेदहाच्या सुमारास परत काहीतरी पोटात जावं लागतं. अपॉइंटमेंट साडेनऊची. आत किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही.

गेटवर काकांनी बाही वर केली, मी पत्र पुढे केलं. गार्डने वॉकीटॉकीवर कुणालातरी बोलावलं. ते साहेब आले, पत्र दोनदा वाचलं, सेन्सरकडे वाकून पाहिलं. सेन्सर चालेल. गोळ्या झाकण उघडून पाहिल्या आणि सुट्या करून पारदर्शक पिशवीत काकूंकडे दिल्या. फोन नाही. मी एकदा सांगून पाहिलं की तो या सेन्सरचाच भाग आहे. त्यांनी शांतपणे मान हलवली. फोन म्हणजे फोन. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. फोनमध्ये कॅमेरा आहे, माइक आहे, आणि त्यातलं कुठलं ॲप शुगर मोजतं ते गेटवरच्या माणसाने कसं ओळखायचं?

काकांनी फोन माझ्या हातात देताना सवयीने पाहिला. ११८, बाण तिरका खाली.

काकूंना मी सांगितलं, घाम आला, हात थरथरले, बोलताना अडखळले, तर विचारत बसू नका, गोळ्या द्या. काकू म्हणाल्या, “पंचवीस वर्षं तेच करतेय.” आणि गेल्या.

त्या दिवशी आणखी एका कुटुंबाचे फोन माझ्याकडे होते. प्रत्येक फोन नाव लिहिलेल्या लिफाफ्यात आणि लिफाफे माझ्या पिशवीत, अशी आमची पद्धत. काकांचा फोन मात्र मी हातातच ठेवला. सेन्सरचं ब्लूटूथ मोकळ्या जागेतही काही मीटरच चालतं. काका त्या भिंतीपलीकडे गेले आणि आकडा गेला, त्या जागी आडव्या रेघा आल्या. वीस मिनिटांनी फोन ओरडला. दचकून पाहिलं तर शुगरचा अलार्म नव्हता, ‘सिग्नल गेला’ म्हणून होता. तो बंद केला, थोड्या वेळाने परत. आजूबाजूला आपापल्या माणसांची वाट बघत उभे असलेले लोक माझ्याकडे बघायला लागले.

सव्वादहाला मुलाचा फोन. तिकडे पावणेबारा वाजलेले, रात्रीचे.

“ताई, बाबांचा डेटा येत नाहीये. शेवटचा बाण खाली होता.”

मी त्याला सगळं सांगितलं. फोन माझ्याकडे, सेन्सर त्यांच्याकडे, गोळ्या काकूंकडे. त्याला ते आधीपासून माहीत होतं, तरी तो परत परत विचारत होता. आयटीतला माणूस, दुसऱ्यांच्या सिस्टिम चालू ठेवणं हेच त्याचं काम. “म्हणजे मला आता काहीच करता येणार नाही?” असं त्याने विचारलं तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटलं. साडेदहाला परत फोन, पावणेअकराला परत. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तुम्ही आत कुणाला तरी सांगा ना.”

खरं सांगायचं तर माझाही जीव टांगणीला लागला होता. एक्याऐंशीचा माणूस, चार तासांपूर्वीचा उपमा, अंगात इन्सुलिन. माझ्या पर्समध्ये बिस्किटं होती, पाण्याची बाटली होती, आणि उपयोग शून्य. मी गेटवरच्या त्याच गार्डकडे गेले. बोलण्यावरून तो सातारकडचा वाटत होता. त्याला म्हटलं, “दादा, ते सेन्सरवाले काका. त्यांच्या खायच्या वेळेला उशीर झालाय. फक्त आत कुणी बघेल का, बरे आहेत ना?”

त्याने आत जायचं किंवा मला निरोप आणून द्यायचं काही कारण नव्हतं. “बघतो मॅडम, पण सांगता येत नाही,” म्हणाला आणि वॉकीटॉकीवर हळू आवाजात बोलला. पाचेक मिनिटांनी माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बसलेत. बोलतायत आजींशी.”

हे मी मुलाला जसंच्या तसं सांगितलं. “काय बोलतायत?” हा त्याचा पुढचा प्रश्न.

सव्वाअकराला दोघं बाहेर आले. काकू पुढे, काका मागे, काठी टेकत. पासपोर्ट हातात नव्हते, म्हणजे ठेवून घेतले होते, म्हणजे काम झालं होतं. पण मी त्यांना व्हिसाचं विचारायच्या आधी बिस्किटाचा पुडा दिला. काका म्हणाले, “अहो, कशाला, झालंय माझं.”

एवढ्यात माझ्या हातातल्या फोनला सेन्सर सापडला. आडव्या रेघांच्या जागी १०४ आला. आणि मग जे झालं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. हे सेन्सर फोन जवळ नसला तरी काही तासांची मोजमापं स्वतःजवळ साठवतात. आलेखात जिथे मोठी मोकळी जागा होती तिथे रेघ आपोआप भरत गेली. साडेनऊपासून खाली, खाली, दहा-चाळीसला ६६, आणि तिथून वर.

“दहा-चाळीसला काय झालं होतं?” मी विचारलं.

काकू बिस्किट मोडत म्हणाल्या, “खिडकीवर जायला दोन माणसं राहिली होती. हे मला म्हणाले, आपण कुठल्या बँकेत आलोय? म्हटलं झालं. तोंडात तीन गोळ्या घातल्या. तिथली एक मुलगी धावत आली, आजी काय देताय? साखर, म्हटलं. तिने पाणी आणून दिलं.”

“मी असं म्हटलंच नाही,” काका म्हणाले.

खिडकीवर दुभाषी होता. कुणाकडे जाताय, किती दिवस, मागच्या वेळी किती राहिलात, एवढंच विचारलं. काकांनी दुभाषाची वाट न बघता बँकेतल्या इंग्रजीत उत्तरं दिली आणि खिडकीमागच्या गोऱ्या ऑफिसरबाईंनी ‘एन्जॉय द ट्रिप’ म्हटलं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तिकडे मुलालाही आलेख पोचला होता. त्याचा फोन आला तो आईसाठी. आधी “सहासष्ट झाली होती!” म्हणून ओरडला, मग रडला बहुतेक. काकूंनी फोन कानापासून लांब धरला आणि म्हणाल्या, “अरे, झोप आता. अर्ध्या-पाऊण तासामागची शिळी शुगर घेऊन काय बसलायस?”

त्यानंतर मी आमच्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: ‘अंगावर किंवा अंगात काही यंत्र आहे का?’ पेसमेकर, कानातलं मशीन, शुगरचा सेन्सर, इन्सुलिनचा पंप. कानातलं मशीन असेल तर त्याची चार्जिंगची डबी बाहेर, कारण डबीतही बॅटरी असते. डॉक्टरांचं पत्र, आणि तारीख मिळाल्याबरोबर कॉन्सुलेटला ईमेल. एकाला चाललं ते दुसऱ्याला चालेलच याची हमी मी देत नाही, तसं स्पष्ट सांगते. मुलांसाठीही एक ओळ घातली आहे, की आईवडील आत असताना त्यांच्या फोनवर फोन करू नका, माझ्या नंबरवर मेसेज टाका.

रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. मागच्या आठवड्यात एका काकूंनी त्यात लिहिलं होतं, ‘गुडघ्यात वाटी, दोन्ही.’ ती चालते.