पान 240 नंतर थेट 257

मंडळी, 'पानिपत' कादंबरीची कोंडी फुटली. तीन आठवडे दुमडून ठेवलेला पान 290 चा कोपरा परवा सरळ केला, आणि आज सकाळी चिंचवडला उतरायचं विसरून कासारवाडीला पोचलो. टूलरूमच्या रजिस्टरात उशिराची सही करताना साहेबांनी कारण विचारलं. "गोविंदपंत बुंदेले मारले गेले" असं पुस्तकातलं खरं कारण (मराठ्यांची रसद बघणारा माणूस तो) तोंडावर आलं होतं, पण "लोकल लेट" म्हणालो.

'स्वामी', माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, दिवाळीत संपवलं ते मागे लिहिलंच आहे. बारावीनंतर पहिलं पुस्तक, तेही माधवरावांच्या खोकल्यापाशी रोज थांबत थांबत. त्या जोरावर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून 'पानिपत' अर्ध्या किमतीत उचललं. (विश्वास पाटलांचं.) सव्वादोनशे पानं धडाधड गेली आणि मग गाडी रुतली ती रुतलीच.

आधी वाटलं, दोष नावांचा आहे. नानासाहेब म्हणजे बाळाजी, त्यांचे आजोबा बाळाजी, आणि हिशेब ठेवणारा नानाही बाळाजीच. राघोबा, दादासाहेब, रघुनाथराव हे तिघं नसून एकच आहेत हे तर मला 'स्वामी'च्या निम्म्यात कळलं होतं. म्हणून फ्रिजवर वंशावळ चिकटवली. बायको म्हणाली, "आपल्या घराण्यातली चुलत माणसं तरी पाठ आहेत का?" नाहीत. पण वंशावळीने नावांचं काम चोख झालं. गाडी मात्र तिथेच.

कारण प्रश्न वेगळाच होता. छावणीत दाणा नाही, वैरण नाही, पैसा नाही, आणि हे लोक पानिपतात खंदक खणून बसलेत. का? दिल्ली नव्वद किलोमीटरवर, आपल्याच ताब्यात. मागे फिरा, दिल्लीला जा, पोटभर जेवा, मग लढा. मी भाऊसाहेबांवर, म्हणजे मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंवर, इतका चिडलो की पुस्तक टीव्हीच्या मागे टाकलं. अब्दाली अफगाणिस्तानातून आला, म्हणजे तो वर, उत्तरेला. आपण पुण्याहून गेलेलो, म्हणजे आपण खाली. शाळेपासून डोक्यात हाच नकाशा. त्यात रसद कशी तुटते तेच समजेना. कापणारा वर आणि दोरी खाली, तर सुरी पोचते कशी?

उलगडा डब्याच्या सुट्टीत झाला. एका रद्द ड्रॉइंगच्या पाठीवर मी दिल्ली, पानिपत, यमुना असं काढत बसलो होतो. कुंजपुरा हाती लागलं तेव्हा तिथे धान्याचे साठे सापडले, ऑक्टोबर 1760, एवढं आठवत होतं. म्हणून ते मी दिल्ली आणि पानिपतच्या मध्ये टाकलं. आमच्याकडे सीएनसीवर करनालचा एक मुलगा आहे. तो लोणचं मागायला आला, कागदाकडे बघून म्हणाला, "कुंजपुरा यहाँ नहीं, ऊपर. हमारे करनाल के पास. सैनिक स्कूल है वहाँ." आणि पानिपतच्याही वर टिंब ठेवून, लोणचं घेऊन गेला.

मी त्या टिंबाकडे बघतच राहिलो. कुंजपुरा पानिपतच्या उत्तरेला असेल, तर भाऊ कुंजपुऱ्याहून पानिपतला आले म्हणजे खाली आले. परत फिरले. परत का फिरले? शत्रू पाठीमागे उतरला म्हणून! अब्दाली खाली, मराठे वर. दिल्लीच्या वाटेवर तो बसलाय. पुण्याला जायचं तर त्याच्यावरून जायचं, आणि त्यालाही काबूलला जायचं तर आपल्यावरून.

आमच्या धंद्यात थर्ड अँगलचं ड्रॉइंग फर्स्ट अँगल (दृश्यं मांडायच्या दोन उलट पद्धती) समजून वाचलं की होतं तसं झालं होतं. माप एकही चुकत नाही, जॉब मात्र उलटा निघतो.

पण इतकी मोठी गोष्ट पुस्तकात नाही कशी? घरी येऊन पान चाळले. 225 ते 240 दोनदा, मग थेट 257. सोळा पानांचा एक फर्मा दुबार शिवलेला आणि पुढचा गायब. हे मला माहीत होतं! वाचताना बघितलं होतं आणि सोळा पानांनी काय बिघडतंय म्हणून पुढे गेलो होतो. न वाचणाऱ्या माणसाची जुनी खोड. आत्याला फोन लावला. ती निवृत्त शिक्षिका, 'स्वामी' तिनेच माझ्या गळ्यात मारलं होतं. तिचं पहिलं वाक्य, "अरे, बागपत वाचलंच नाहीस तू?" तिने तिच्या प्रतीतल्या पानांचे फोटो पाठवले, प्रत्येकात तिचा अंगठा. पावसाळ्यात यमुना तुडुंब, अब्दाली पलीकडे दुआबात, गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, अडकलेला, असं धरून सगळे निश्चिंत. आणि ऑक्टोबरच्या शेवटी पाणी उतरताच तो बागपतला नदीत घोडे घालून अलीकडे. ते अंगठ्यांमधून वाचताना छातीत धडधडलं, खरंच.

त्यानंतर सगळं जागेवर बसलं. बिनी (आघाडीची तुकडी) कुठल्या तोंडाने उभी, कही (दाणावैरण आणणारी टोळी) कुठल्या बाजूला जाऊन कापली जाते, बुणगे (न लढणारी माणसं) आणि कबिले (बायकामुलं) मधोमध का. हे शब्द मोल्सवर्थमध्ये बघितले. 1857 ची आवृत्ती फुकट उघडता येते, अर्थ इंग्रजीत आहेत एवढीच अडचण, पण इतका रसाळ कोश नाही. रंगीत चिकटपट्ट्या मात्र जुन्या पुस्तकाला लावू नका, माझ्या दोन पानांचं कातडं निघालं. 2बी पेन्सिल बरी. आणि ऐकायच्या पुस्तकाचा नाद मी सोडला. मध्यंतरी एक घेतलं होतं, त्यात घोडा शिंकला तरी तुतारी वाजते.

पुढचा बेत मागच्या नोंदीत शिवकाळाचा दिला होता, तो रद्द. आधी नाना फडणवीसांचं छोटंसं आत्मचरित्र. हा माणूस अठराव्या वर्षी आई आणि बायकोसकट त्या छावणीत होता आणि जिवंत परतला. आई परतली नाही. फ्रिजवरचा तिसरा बाळाजी. पण थांबा, हे लिहिताना सुचतंय, नकाशा उलटा करायचाच तर पुरता करू. काशीराज पंडित अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौलाच्या पदरी होता, म्हणजे नकाशाच्या खालच्या बाजूला, अब्दालीच्या गोटात. त्याने फारसीत लिहिलंय. चांगलं मराठी भाषांतर कुणाकडे असेल तर सांगा, नाना थांबतील.

सध्या जानेवारी 1761 लागलाय आणि मी दिवसाला तीनच पानं वाचतोय. 14 तारीख मला ठाऊक आहे. "विश्वास पानिपतात गेला" म्हणत आम्ही शाळेत उसनवाऱ्या नाकारायचो. आता तो विश्वासराव, अठरा वर्षांचा पोरगा, घोड्यावर चढायच्या आधीच मी पुस्तक मिटतो. आत्याला विचारलं, दुसऱ्यांदा वाचताना सोपं जातं का. ती म्हणाली, "चौथी वेळ आहे माझी. अजून वाटतं, या खेपेला होळकर रण न सोडता थांबतील."

ता.क. दुबार फर्मा घेऊन दुकानात गेलो होतो. मालकांनी चष्मा वर करून दोन्ही 225 तपासले आणि म्हणाले, "सोळा पानं जास्त दिलीत, त्याचे पैसे मागितले का आम्ही?"