जाळीच्या आतला काळा रंग

तलवारबाजीच्या स्पर्धांत माझं काम साहित्य तपासणीचं. छत्रपती संभाजीनगरला हा खेळ चांगला रुजलाय, त्यामुळे मराठवाड्याच्या गावोगावची पोरं इथे खेळायला येतात. मास्क टेबलावर आला की त्याची जाळी पंच नावाच्या टोकदार हत्याराने दाबून बघायची. 12 किलोच्या दाबाखालीही तार हलता कामा नये. हे काम मी कधीच उरकून टाकत नाही. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूच्या मास्कमधून तुटलेलं पातं आत घुसलं आणि त्यात त्याचा जीव गेला. आजचे कडक नियम त्यानंतरचे.

त्या दिवशी परभणीकडची एक मुलगी आईबरोबर आली. इपी, म्हणजे तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एक, खेळणारी. मास्क चढवून उभी राहिली, आई जाळीत डोकावून पाहू लागली.

"सर, मला हिचं तोंडच दिसंना. मग हिला समोरचं कसं दिसतंय?"

मी दुसरा एक मास्क त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडापुढे धरला, दाराकडे वळल्या.

"अगं बाई! समदं दिसतंय की!"

मास्कची तार जेमतेम मिलिमीटरभर जाड आणि डोळ्यापासून काही सेंटीमीटरवर. इतक्या जवळचं डोळ्याला नीट टिपताच येत नाही. शिवाय डोळ्याची बाहुली तारेपेक्षा रुंद, म्हणून तारेच्या दोन्ही अंगांनी उजेड आत शिरतोच. समोरच्याचं उलटं. हॉलचा उजेड जाळीवर पडतो, त्याला तारा लख्ख दिसतात आणि मागचा चेहरा अंधारात राहतो.

"म्हणजे आमच्या खिडकीच्या डासांच्या जाळीवानी," त्या म्हणाल्या. "दिवसा बाहेरून काय दिसत नाही, रात्री लाईट लावली की घर उघडं."

अगदी तेच. ते दाखवावं म्हणून मी मोबाईलची टॉर्च मुलीच्या हनुवटीखालून मास्कमध्ये मारली. चेहरा एकदम उजळला, आई हसली. पण मुलगी म्हणाली, "सर, बंद करा, उजव्या डोळ्यापुढं नुसतं चमकतंय."

फक्त उजव्याच का? मास्क काढून उलटा धरला. डाव्या बाजूला आतला काळा रंग शाबूत होता. उजव्या डोळ्यासमोर तळहाताएवढ्या भागात तो घासून गेला होता आणि खाली उघडं पोलाद. आतून जाळी काळी असते ती समोरचं नीट दिसावं म्हणूनच: आत आलेला उजेड तारांनी परत डोळ्यात फेकू नये. हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारचं ऊन पिस्टवर, म्हणजे खेळायच्या लांब पट्टीवर, येत होतं. त्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की या लेकराच्या डोळ्यासमोर धुकं.

"उजवीकडून आलेलं टोक मला उशिरा दिसतं," ती हळूच म्हणाली. "सगळे म्हणतात, तुझं लक्षच नसतं."

मला फार वाईट वाटलं. इपीत डोक्यापासून पायापर्यंत कुठेही टोक लागलं की समोरच्याला गुण मिळतो. तिथे पोरीला दिसत नव्हतं आणि बोल तिच्या मनाला लागत होते.

पंचखाली जाळी टिकली होती, तरी तो मास्क मी बाजूला ठेवला. तिच्या मापाचा बदली मास्क शोधला, तोही दाबून तपासला आणि तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. "आता?" "स्वच्छ!" म्हणाली आणि पळाली.

आई थांबल्या. जुन्या मास्कला रंग कुठला लावायचा, विचारू लागल्या. मी म्हणालो, "ताई, चमकणारा ऑइल पेंट नको. मॅट काळा, पातळ हाताने, आणि एकही भोक बुजू द्यायचं नाही." त्यांनी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.