खुराक आणि इनाम

रविवार, राजारामपुरी

दूध संस्थांना आम्ही जे सॉफ्टवेअर देतो, त्यात आम्ही स्वतः लिहिलेलं किती, हे आज कागदावर मांडून बघितलं. दुधातल्या फॅट-एसएनएफप्रमाणे (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) दर लावणं, दहा दिवसांचं बिल, उचल, पशुखाद्याची कपात, एवढं आमचं. त्याच्या खाली इतरांनी लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर: लिनक्स ही संगणकाची प्रणाली, माहिती साठवणारे पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट, इंटरनेटवरून माहिती आणणारं-पाठवणारं कर्ल, ती वाटेत सुरक्षित ठेवणारं ओपनएसएसएल. करवीर-कागलच्या गावांत पहाटे संकलन सुरू होतं तेव्हा हे सगळं मुकाट चालतं. परवान्याप्रमाणे कुणाला रुपया द्यावा लागत नाही. पण द्यायला हवा, आणि कसा द्यायचा यावरच माझं डोकं अडलंय.

2014 मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची मोठी सुरक्षेची चूक उघड झाली तेव्हा कळलं की निम्मं जग ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होतं, त्याला वर्षाकाठी जेमतेम 2,000 डॉलर देणगी मिळायची. मग मोठ्या कंपन्या एकत्र येऊन पैसे घेऊन धावल्या. धावल्या हे चांगलंच झालं. पण घर जळल्यावर आलेला तो पैसा.

कोल्हापुरात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, 1912 मध्ये ते पूर्ण झालं, पण नुसतं मैदान बांधून ते थांबले नाहीत, मल्लांना आश्रय दिला. तालमीतल्या पोराला दूध, तूप, बदाम रोज लागतात. कुस्ती मारल्यावर मिळणाऱ्या इनामावर अंग तयार होत नाही. ओपन सोर्सकडे येणारा बराचसा पैसा इनामाच्या जातीचा आहे. चूक शोधून देणाऱ्याला बक्षीस मिळतं. ती चूक दुरुस्त करणारा, रोज येणाऱ्या तक्रारी वाचणारा, नवी आवृत्ती काढणारा बऱ्याचदा तसाच राहतो.

एक्सझेडचं प्रकरण माझ्या मनातून जातच नाही. फाइल लहान करायचं हे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता. 2022 मध्ये त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं होतं की मनाची तब्येत बरी नाही, आणि हे काम हौसेचं आहे, त्याचे पैसे मिळत नाहीत. तरी काही अनोळखी खाती त्याच्यामागे तगादा लावून होती, की जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपव. मदतीला आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्यानं दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास कमावला आणि 5.6.0 या आवृत्तीत चोरवाट बसवून ठेवली. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं म्हणून मार्च 2024 मध्ये ती सापडली. त्या एकट्या माणसाला 2022 मध्ये पगारी जोडीदार मिळाला असता तर? हा प्रश्न मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त छळतो.

नुसता पैसा ओतूनही भागत नाही. हॅक्टोबरफेस्ट ही लोकांना ओपन सोर्सकडे वळवणारी ऑक्टोबरातली मोहीम. 2020 मध्ये तिथं प्रकल्पांना चार बदल पाठवले की टीशर्ट, असं होतं. लोकांनी रीडमी या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून ढिगानं बदल पाठवले, आणि ते नाकारता नाकारता सांभाळणारे हैराण झाले. शेवटी, ज्यांना भाग घ्यायचाय अशाच प्रकल्पांपुरतं ते ठेवावं लागलं. टीशर्टसाठी आलेला माणूस टीशर्ट मिळाला की जातो.

आमच्याकडे शिकायला येणारा कागलकडचा मुलगा परवा म्हणाला, “मॅडम, घरात विचारत्यात, पैसं न्हाईत तर रात्री जागून काय करतोस?” घरच्यांचं बरोबर आहे, असंच मी त्याला सांगितलं. पण तो जागत होता कशासाठी, तेही मला माहीत होतं. आमच्या बिलाच्या पीडीएफमध्ये ‘कृष्णात’ हे नाव फुटायचं, ष आणि ण सुटे पडायचे. आमच्या भागात कृष्णात नावाचे सभासद गावोगाव. पोरानं मूळ लायब्ररीत, म्हणजे आम्ही वापरतो त्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडात, शिरून दोष शोधला, दुरुस्ती पाठवली. पलीकडच्या, लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसानं आधी ‘याची चाचणीही लिही’ म्हणून परत पाठवली, याला राग आला, मग लिहिली. बदल स्वीकारल्याचा निरोप आला तेव्हा फोन माझ्यासमोर धरून तो नुसता उभा होता. नव्या आवृत्तीच्या नोंदीत त्याचं नाव आहे. कुणीतरी आपलं काम बारकाईनं वाचलं आणि उत्तर दिलं, यातच सगळी ओढ आहे. आणि ते उत्तर देणाऱ्यालाच पगार नाही.

म्हणून पैसा आधी त्याच्याकडे, दरवर्षी, आणि कशावर खर्च कर हे न सांगता गेला पाहिजे. कर्लच्या डॅनियल स्टेनबर्गला 2019 पासून एक कंपनी त्याच कामाचा पगार देते. शेअर दलाली करणाऱ्या झेरोधानं 2024 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला पैसे देणारा फ्लॉस फंड काढला, वर्षाला 10 लाख डॉलर, एका प्रकल्पाला 10,000 ते 1 लाख. भारतातून हे सुरू झालं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आपल्यासारख्या छोट्यांची अडचण फार साधी आहे. 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले आणि बऱ्याच परदेशी साइटवर आपल्या कार्डातून दरमहा आपोआप पैसे जाणं बंद झालं. सीए काका विचारतात, “ताई, हे देणगीत टाकू का खर्चात? बिल कुठाय?” तेव्हा वर्षाची रक्कम एकदाच पाठवायची आणि जिथून रीतसर बिल मिळतं तिथूनच. त्या पोरालाही यापुढे लायब्ररीवर घालवलेल्या तासांचे पैसे ऑफिसमधूनच द्यायचे, दुरुस्ती स्वीकारली गेली काय नि नाही काय.

एप्रिलपासून संस्थांच्या देखभाल करारात एक ओळ वाढवते आहे: मुक्त सॉफ्टवेअरसाठी दोन टक्के. सचिव मंडळी विचारणारच, हे कशाचं म्हणून. त्यांच्यापुढे कृष्णातरावांची दोन बिलं ठेवणार आहे, आधीचं आणि आत्ताचं.